किनारा रिकामा नव्हता

आफ्रिकेतल्या समुद्रकाठच्या सफारी कॅम्पची कुठलीही जाहिरात काढा, मजकूर साधारण एकच असतो. माणसाचा पाय न लागलेला किनारा. आसपास मैलोन्‌मैल कुणी नाही. सकाळी हत्ती बघायचे, दुपारी समुद्रात डुंबायचं, रात्री कॅनव्हासच्या तंबूत लाटांचा आवाज ऐकत झोपायचं. आणि तंबू तरी कसा, तर उद्या उचलला तर वाळूवर खूणसुद्धा राहणार नाही. मुंबई-पुण्यातला गर्दीनं पिचलेला माणूस हे वाचून पाघळतो, यात त्याचा दोष नाही. दोष मजकुराचा आहे. त्यातलं बरंचसं खोटं आहे, आणि जे खरं आहे ते अर्धंच सांगितलेलं आहे.

जाहिराती थोड्या फुगवून लिहितात, तेवढ्यासाठी लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण ही समजूत जाहिरातीपुरती राहिलेली नाही. प्रवासवर्णनं तीच सांगतात, निसर्गपट तीच दाखवतात, आणि कुठली जमीन कुणाच्या ताब्यात राहावी याचे सरकारी निर्णयही पुष्कळदा तिच्याच आधारानं होतात. किनारा मुळात रिकामाच होता असं एकदा ठरलं, की तिथं जाळं टाकणारा कोळी घुसखोर ठरतो आणि हजारो किलोमीटरवरून विमानानं आलेला पाहुणा निसर्गप्रेमी.

टांझानियातलं सादानी घेऊ. दार-ए-सलामच्या उत्तरेला, बागामोयो आणि पांगानी या दोन जुन्या बंदरांच्या मधल्या पट्ट्यात हे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर. टांझानियाच्या मुख्य भूमीवर थेट हिंदी महासागराला भिडणारं हे एकच राष्ट्रीय उद्यान. हा दर्जा त्याला २००५ साली मिळाला. दक्षिणेकडे वामी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी खारफुटीचं दाट रान, पाण्यात पाणघोडे आणि मगरी. आतल्या बाजूला गवताळ माळ, काटेरी बाभळवन, जिराफ, रानरेडे, सेबल हरणं. उत्तरेकडे मादेतेच्या वाळूत हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. हत्ती आहेत, पण बुजरे. सिंह आहेत, पण दिसतीलच अशी खात्री कुणी प्रामाणिक गाईड देत नाही. आणि किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत, लाकडी चौथऱ्यांवर उभारलेले तंबू. इथवर जाहिरात खरी बोलते. इथं कधी कुणी नव्हतंच, असं ती सुचवू लागते तिथून भानगड सुरू होते.

सादानी हे बंदर होतं. समोर पाण्यापलीकडे झांजिबार. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या आतल्या भागातून हस्तिदंत आणि गुलाम घेऊन येणारे काफिले ज्या मोजक्या ठिकाणी समुद्राला टेकत, त्यांत बागामोयो सगळ्यांत मोठं आणि सादानी त्याच्याशी स्पर्धा करणारं. एकेका काफिल्यात शेकडो हमाल. परत आत जाताना त्यांच्या डोक्यावर कापडाच्या गाठी, काचेचे मणी, धातूच्या तारेची वेटोळी. यातल्या कापडाशी मुंबईचा थेट संबंध आहे. आधी या बाजारात अमेरिकेहून येणारं जाडंभरडं ‘मेरिकानी’ चालायचं. अमेरिकेतल्या यादवीनंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांनी ती बाजारपेठ बऱ्याच अंशी काबीज केली. उलट दिशेनं हस्तिदंत मुंबईत उतरायचं. काही भारतातच बांगड्या-चुड्यांसाठी खपायचं, काही पुढे लंडनला जायचं. झांजिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता आणि या साऱ्या किनाऱ्यावर रुपया चालत होता. गिरणगावात विणलेलं कापड ज्या किनारपट्टीवरून आफ्रिकेच्या पोटात गेलं, तिथं माणसाचा पाय लागलेला नाही असं आज मुंबईच्याच गिऱ्हाइकाला सांगितलं जातं आणि तो पैसे मोजतो.

जर्मनांनी हा किनारा ताब्यात घ्यायला सुरुवात केली तेव्हा, १८८८ साली, अख्खी किनारपट्टी उठली होती. पुढारी होते पांगानीकडे अबुशिरी, सादानीत ब्वाना हेरी. पुढच्या वर्षी हर्मन विसमानच्या जर्मन फौजेनं सादानीवर तोफा डागल्या. अबुशिरीला १८८९ च्या डिसेंबरात पांगानीला फासावर चढवलं. ब्वाना हेरी १८९० मध्ये शरण आला. मग कारभार दार-ए-सलामला गेला, मागोमाग व्यापार गेला, आणि सादानी मागं पडलं. ओस पडलेल्या वाड्याला कुणी माळरान म्हणत नाही. ओस पडलेल्या बंदराला मात्र बिनदिक्कत आदिम निसर्ग म्हटलं जातं.

आता जंगलाचं बघू. ते इतकं टिकलं कसं? सरकारनं राखलं म्हणून, हे उत्तर फार तर गेल्या पाऊणशे वर्षांपुरतं. त्याआधीची राखणदार होती त्से-त्से माशी. तिच्या चाव्यातून गुरांना जो रोग होतो, त्यात गुरं खंगून मरतात. १८७६ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या रॉजर प्राइस यांनी एक शक्कल काढली. हमालांच्या डोक्यावरून सामान नेण्याऐवजी बैल वापरायचे. सादानीहून आतल्या म्प्वाप्वापर्यंत त्यांनी थोडे बैल नेऊन पाहिले, बैल जगले, आणि सगळ्यांना वाटलं जमलं. दुसऱ्या वर्षी बैलगाड्यांचा मोठा तांडा निघाला आणि वाटेत बैल पटापट मेले. बेत बारगळला. ही फजिती फारशी कुणी सांगत नाही, पण सादानीचं जंगल समजायला ती कुठल्याही सूर्यास्ताच्या फोटोपेक्षा जास्त उपयोगी आहे.

पुढे १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांड्या शिरला. गुरांचा हा रोग लाल समुद्राकाठी मसावा बंदरात परदेशी जनावरांबरोबर उतरला. ती जनावरं भारतातून आणलेली असावीत असं बरेच इतिहासकार मानतात. काही वर्षांतच खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गुरांचे कळप साफ झाले. पशुपालक समाज उपाशी मेले, चराईची मैदानं झुडपांनी भरली, आणि झुडपांबरोबर माशी पसरली. गोऱ्या शिकाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यानंतर जी निर्मनुष्य रानं पाहिली, ती अनादी काळापासून तशीच आहेत असं त्यांनी लिहून ठेवलं. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी नुकतीच रिकामी झाली होती, रोगानं आणि उपासमारीनं. आफ्रिकेच्या ‘अस्पर्श’ निसर्गाची जी प्रतिमा पुढं शंभर वर्षं चालली, तिचा एक मोठा हिस्सा या साथीनंतर काढलेलं चित्र आहे.

सादानीत माणसानं गुरं घेऊन पुन्हा एकदा नशीब अजमावलं. १९५० च्या दशकात घायपाताच्या मळ्यांच्या एका कंपनीनं आपल्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी म्क्वाजा इथं गुरांचा प्रचंड वाडा काढला. हजारो जनावरं, औषधांचा मारा, झुडपं तोडायला माणसं. जवळपास अर्धं शतक हा उद्योग चालला आणि शेवटी माशी आणि बाभळीचं रान या दोघांनी मिळून तो हरवला. २००० साली वाडा बंद पडला. ती जमीन आज उद्यानात आहे. रात्री गुरं कोंडायच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या शेण पडून माती कसदार झालेली, त्यामुळे तिथलं गवत वेगळं. उद्यानातले वॉर्टहॉग या जुन्या गुरांच्या माळावर काय चरतात याचा शास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास केला आहे. म्हणजे जीपमधून ज्या रानडुकराचा फोटो ‘खरी, रांगडी आफ्रिका’ म्हणून घेतला जातो, ते एका बंद पडलेल्या गोठ्याच्या जागेवर चरत असण्याची शक्यता बरीच आहे. फ्लेमिंगोंचीही तीच गत. ते दिसतात मिठागरांच्या आसपास, आणि मिठागरं माणसांनी बांधलेली आहेत.

हे सगळं कळल्यानं सादानीची गंमत कमी होते का? उलट वाढते. एका माशीनं मिशनऱ्यांना आणि मळेवाल्यांना सव्वाशे वर्षांच्या अंतरानं पळवून लावलं, यापेक्षा चांगली गोष्ट शेकोटीभोवती सांगायला दुसरी कुठली मिळणार? ती न सांगता ‘काळ थांबलेला किनारा’ असं काहीतरी गुळमुळीत लिहिणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या अकलेबद्दल फारसा आदर नसावा.

पण गमतीपलीकडे एक गंभीर भाग आहे, आणि या लेखाचं खरं भांडण तिथं आहे. सादानीच्या किनाऱ्यावर माणसं आजही राहतात. मासे धरतात, वाळवतात, लाकडी होड्या दुरुस्त करतात. सादानी गावाचाच भाग असलेली उविंजे नावाची कोळ्यांची वस्ती आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सादानीचं राखीव क्षेत्र झालं ते आमच्या संमतीनं आणि आमच्या जमिनीचे हक्क अबाधित राहतील या बोलीवर, असं गावकरी सांगतात. २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा मात्र उविंजेची किनाऱ्यालगतची जमीन हद्दीच्या आत दाखवली गेली. टांझानियाच्या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात वस्तीला जागा नाही. त्यामुळे जागचे न हललेले लोक कागदावर एका रात्रीत बेकायदा ठरले. गावकऱ्यांनी ही हद्द कधी मानली नाही. उद्यान प्रशासनानं आपला दावा सोडला नाही. वाद कशासाठी, तर ज्या वाळूवर होड्या ओढल्या जातात त्या वाळूसाठी. तंबूंच्या कॅम्पला हवी असते तीही तीच.

यावर ठरलेला युक्तिवाद असा: भावना ठीक आहेत, पण गावं राहिली की प्राणी जातात, जंगल वाचवायचं तर माणूस बाहेर काढावाच लागतो. याला उत्तर टांझानियातच आहे. देशाच्या दक्षिणेला सेलूस हे २०१९ पर्यंत सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र होतं. ब्रिटिश अमलात, १९४० च्या दशकात, निद्रारोगाचं कारण देऊन तिथल्या वस्त्या हलवल्या गेल्या. त्यानंतर आत गाव म्हणून उरलं नाही. रिकामेपणानं हत्ती वाचत असते तर ते इथं वाचायला हवे होते. १९७६ मध्ये तिथं लाखाच्या वर हत्ती मोजले गेले होते. २०१३ च्या गणनेत सुमारे १३,००० उरले. २०१४ मध्ये युनेस्कोनं सेलूसला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. देशभराचा हिशेबही तसाच आहे: २००९ ते २०१४ या पाच वर्षांत टांझानियातले साठ टक्के हत्ती गेले. हे हत्ती जाळं विणणाऱ्या कोळ्यांनी खाल्ले नाहीत. बंदुका, ट्रक, कंटेनर आणि बंदरातल्या चिरीमिरीवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय टोळ्यांनी ते मारले, आणि ज्या रानात पाहणारं कुणी नाही, तिथं त्यांचं काम सोपं झालं.

किनाऱ्यावरचे कोळी संत आहेत असाही दावा करायचं कारण नाही. टांझानियाचा किनारा सुरुंगाच्या मासेमारीसाठी वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध होता. एका स्फोटात माशांबरोबर प्रवाळही उडायचं. कासवाची अंडी आणि मांस खाल्लं जात होतं. पण कासवांच्या बाबतीत हे सुधारलं, जिथं सुधारलं तिथं, ते गावातल्याच माणसांना घरट्यांची राखण आणि तिचा मोबदला देऊन. टांझानियातली ‘सी सेन्स’ ही संस्था हेच काम करत आली आहे. आणि हुसकावण्याचं धोरण फसतं आहे हे तेव्हाच्या सरकारलाही कळलेलं दिसतं: २०१९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी राखीव क्षेत्रांतल्या गावांना हलवणं थांबवा, असा आदेश दिला. आदेश एक आणि प्रत्येक गावातला अनुभव दुसरा, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आता तंबूकडे येऊ. ‘उचलला की खूण राहत नाही’ हा दावा इतक्यांदा केला जातो की तो तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही. समुद्रकाठच्या चांगल्या कॅम्पमधला तंबू म्हणजे लाकडी खांबांवर पक्का चौथरा, त्यावर जाड कॅनव्हास, वर बहुधा माडाच्या झावळ्यांचं छप्पर, मागं फ्लशचा संडास आणि गरम पाण्याची न्हाणी. त्यासाठी सेप्टिक टाकी. समुद्राकाठी विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून गोडं पाणी ट्रकनं येतं किंवा यंत्रानं करावं लागतं. सौर पाट्या आल्या, ही चांगली गोष्ट. तरी बर्फ, शीतकपाट आणि ढगाळ दिवसांसाठी जनरेटर राहतो. भाजी, मांस, वाइन दार-ए-सलामहून. आणि पाहुण्यांच्या नजरेआड, झाडीमागं, कामगारांच्या खोल्या. स्वयंपाकी, वाढपी, धोबी, गाईड, रात्री टॉर्च घेऊन तंबूपर्यंत सोडायला येणारे पहारेकरी. दहा-बारा तंबूंच्या कॅम्पमागं एक छोटं गावच उभं असतं. गंमत अशी, की याच कॅम्पच्या जाहिरातीत गाव नसल्याचं कौतुक असतं.

टांझानियाच्या २००४ च्या पर्यावरण कायद्यानं समुद्रकिनाऱ्यापासून साठ मीटरच्या आत कायमस्वरूपी किंवा किनाऱ्याला बाधक कामाला मनाई केली आहे. तंबू कायमस्वरूपी आहे की नाही, यावर वकील हवा तेवढा वेळ वाद घालू शकतील. कासवाला त्या वादाशी कर्तव्य नाही. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू उजेडाकडे चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो, कंदिलांच्या रांगा लावलेल्या किनाऱ्यावर तो जेवणाच्या टेबलाचा असतो. कॅनव्हासच्या आड लावलेला दिवा काँक्रीटच्या आड लावलेल्या दिव्याइतकाच त्याची दिशा चुकवतो.

शिवाय या तंबूची वंशावळ निसर्गप्रेमाची नाही. तो शिकाऱ्यांचा आहे. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट मोम्बासाला उतरले तेव्हा त्यांच्या दिमतीला अडीचशेच्या आसपास हमाल होते, आणि त्या मोहिमेत किड्यांपासून हत्तीपर्यंत ११,००० हून जास्त जीव मारले किंवा पकडले गेले. घडीचं टेबल, कंदील, पांढरी चादर, गरम पाण्याची बादली हा सगळा थाट तेव्हाचा. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातल्यावर बंदुका गेल्या, कॅमेरे आले, थाट तसाच राहिला. त्यात राहू नये असं नाही. गरम पाण्याची बादली कुणाला आवडत नाही? पण त्याला साधेपणा म्हणू नये.

पश्चिम किनाऱ्यावरचं गॅबॉन हे ‘अस्पर्श’ किनाऱ्याचं सगळ्यांत लाडकं उदाहरण. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ माइक फे यांची मध्य आफ्रिकेतून केलेली पदयात्रा तिथल्याच किनाऱ्यावर २००० साली संपली. लाटांत शिरणाऱ्या पाणघोड्यांची आणि वाळूवरच्या हत्तींची छायाचित्रं जगभर गेली. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमार बोंगो यांनी एकदम तेरा राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांत किनाऱ्यावरचं लोआंगो होतं. तो निर्णय मोठाच होता आणि त्याचं श्रेय नाकारणं कोतेपणाचं ठरेल. पण याच देशाच्या किनाऱ्यावर ओकूमे नावाच्या झाडाचे अवाढव्य ओंडके पडलेले असतात. नद्यांतून तराफे करून नेताना सुटलेलं हे व्यापारी लाकूड समुद्र वाळूवर आणून टाकतो, आणि ते अंडी घालायला आलेल्या लेदरबॅक कासवांची वाट अडवतं. काही त्यांत अडकून मरतात. लेदरबॅकच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक इथं आहे. छायाचित्रकार ओंडका चौकटीबाहेर ठेवतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं तो आत आणायला काय हरकत आहे?

‘तुमच्या पैशातून जंगल वाचतं’ हा आणखी एक हुकमी मुद्दा. हा निम्मा खरा आहे, म्हणून जास्त काळजीनं बघायला हवा. टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांची बहुतेक कमाई किलिमांजारो, सेरेंगेटी अशा थोड्या उद्यानांतून होते आणि बाकीची त्यावर पोसली जातात. सादानी या बाकीच्यांत. म्हणजे सादानीच्या तंबूत झोपणारा पाहुणा सादानीला वाचवतो असं म्हणणं अतिशयोक्ती आहे. तो कॅम्पमधल्या काही माणसांना पगार मिळवून देतो, ही मोठी गोष्ट आहे आणि तेवढीच सांगावी. शेजारच्या गावाला त्यातून काय मिळतं हे कॅम्पच्या चांगुलपणावर न सोडता करारात लिहिलेलं असेल, तरच त्याला अर्थ आहे.

करार होऊ शकतात, हे दक्षिणेकडे दिसतं. मोझांबिकच्या दक्षिण टोकाला, मापुटो राष्ट्रीय उद्यानात, चेमुकाने इथं अगदी याच प्रकारचा, वाळूवरच्या तंबूंचा कॅम्प उभा राहिला. फरक असा की जागेचा परवाना तिथल्या गावांनी मिळून काढलेल्या कंपनीकडे. भांडवल आणि व्यवस्थापन बाहेरच्या भागीदाराचं. सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेतल्या इसिमांगलिसो उद्यानात वर्णद्वेषी राजवटीत हुसकावलेल्या लोकांनी १९९४ च्या कायद्याखाली जमिनी परत मागितल्या. तडजोड अशी झाली की हक्क मान्य व्हायचा, जमीन उद्यानातच राहायची, आणि पर्यटनाच्या उत्पन्नात दावेदारांना वाटा मिळायचा. या व्यवस्थांत कुरबुरी आहेत, पैशाचे वाद आहेत, काही ठिकाणी कडवटपणा आहे. पण तिथं गावकरी टेबलाच्या कुठल्यातरी बाजूला बसलेला असतो. उविंजेचा कोळी अजून दाराबाहेर आहे.

ज्यांना ही परदेशी उदाहरणं पटत नसतील त्यांनी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन यावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी चोरणाऱ्या गावात अंडी राखणारी माणसं तयार झाली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, त्यांच्याच पडवीत जेवतात, पहाटे पिल्लांची लगबग बघायला वाळूवर जातात. पैसा घरात येतो. वेळासची सादानीशी सरसकट तुलना होणार नाही. तिथं सिंह नाहीत आणि पाणघोडाही नाही. पण माणूस किनाऱ्यावर राहिला की कासव संपतं, हा सिद्धांत वेळासच्या वाळूत मोडलेला आहे.

एवढं सगळं ऐकून कुणी वैतागून म्हणेल, माणूस सुट्टीला जातो ते डोकं शांत करायला. त्याला जमिनीचे तंटे आणि बुळकांड्याचा इतिहास कशाला? शांतता मागण्यात गैर काही नाही. पण ती निसर्गानं दिलेली फुकटची वस्तू आहे, हा भ्रम प्रवाशालाही महागात पडू शकतो. केनियाच्या उत्तर किनाऱ्यावर, सोमालियाच्या सीमेजवळ, किवायू इथं असाच एक झावळ्यांचा, एकांतातला, बऱ्याच श्रीमंतांचा आवडता मुक्काम होता. २०११ च्या सप्टेंबरात तिथं सशस्त्र टोळी आली, एका ब्रिटिश पाहुण्याला मारलं, त्याच्या पत्नीला पळवून नेलं. ती सहा महिन्यांनी सुटली. पुढच्याच महिन्यात केनियाचं सैन्य सोमालियात घुसलं आणि तिथल्या लामू बेटाच्या आसपासचं पर्यटन कोसळलं. ज्याला जाहिरातीत ‘जगापासून दूर’ म्हटलं होतं, ते ठिकाण जगाच्या एका फार अशांत रेषेला लागून होतं, आणि ती रेष नकाशात पहिल्यापासून होती.

सादानीचा एकांतही आता फार दिवसांचा नाही. बागामोयोहून सादानीमार्गे पांगानी आणि टांगापर्यंत पक्का रस्ता बांधला जातो आहे, पांगानी नदीवर मोठा पूल होतो आहे. कॅम्पवाले त्यावर नाराज असतील. आजारी माणसाला इस्पितळात न्यायचं असलेलं म्क्वाजा किंवा सादानीचं कुटुंब नसेल. रस्त्यानं प्राण्यांची वाट तुटेल ही भीती खरी आहे आणि तिच्यावर बोलायलाच हवं. पण ते बोलताना ‘अस्पर्श किनारा बिघडला’ असा सूर लावणाऱ्यांनी आधी तो किनारा किती वेळा आणि कुणाकुणाच्या पायांखालून गेला आहे, हे वाचून यावं.

सादानीला जरूर जावं. वामीवर होडी घ्यावी, ओहोटीला दूर गेलेला समुद्र बघावा. बागामोयोत अर्धा दिवस थांबून काफिल्यांच्या जागा पाहाव्यात, कारण त्याशिवाय सादानी कळत नाही. आणि पैसे भरण्याआधी टूर कंपनीला लेखी विचारावं: कॅम्पची जमीन उद्यानाची, गावाची, की वादातली? गावाला ठरलेलं उत्पन्न किती आणि ते कुणाच्या खात्यात जातं? कासवांच्या हंगामात किनाऱ्याकडचे दिवे बंद ठेवतात का? कामावरच्या माणसांपैकी आसपासच्या गावांतली किती, आणि ती कुठल्या पदांवर आहेत? उत्तर आलं नाही तर त्या कॅम्पचं बुकिंग करू नये.